पानाआड पान

एकाच वेबपानात चार-पाच कप्पे बसवणारे ‘टॅब’ जेक्वेरीच्या दहा-बारा ओळींत तयार होतात. त्या ओळी लिहिणे सोपे आहे. त्यांनी झाकलेला मजकूर वाचकाच्या हाती लागेल याची तजवीज करणे हे खरे काम.

जुन्या टेलिफोन डायरीच्या उजव्या कडेला पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली अक्षरे असत. ‘के’वर बोट ठेवले की कदम, कुलकर्णी आणि केळकर एकदम समोर येत; मधली पाने चाळावी लागत नसत. दुकानदाराच्या खतावणीलाही अशीच कडेची अनुक्रमणिका असे. अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांनी १८९७ मध्ये सूचिकार्डांच्या वरच्या कडेतून डोकावणाऱ्या जिभेचे पेटंट घेतले आणि ती जीभ पुढे जगभरच्या कचेऱ्यांतील फायलींवर जाऊन बसली. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या आणि फोल्डर आले तेव्हा तिनेही तेथे आपले स्थान मिळवले. पुढे अ‍ॅमेझॉनने आपल्या मुखपृष्ठावर पुस्तके, संगीत, चित्रफिती अशा विभागांसाठी टॅबची रांग लावली आणि २००० च्या सुमारास ती इतकी वाढली की एका ओळीत मावेनाशी झाली.

अ‍ॅमेझॉनचे ते टॅब म्हणजे प्रत्यक्षात साधे दुवे होते. टिचकी मारली की नवे पान उघडे. येथे विचार करायचा आहे तो दुसऱ्या प्रकारच्या टॅबचा. यात पान एकच असते, सगळा मजकूर त्याच पानाबरोबर वाचकाच्या संगणकावर किंवा मोबाइलवर येऊन पोहोचलेला असतो. फक्त एक भाग उघडा आणि बाकीचे झाकलेले असतात. टॅबवर टिचकी मारली की उघडा भाग झाकला जातो आणि हवा तो उघडतो.

समजा, एखाद्या महाविद्यालयाचे प्रवेशाचे पान आहे. त्यावर ‘परिचय’, ‘पात्रता’, ‘शुल्क’, ‘कागदपत्रे’ आणि ‘मुदत’ असे पाच टॅब आहेत. पान उघडताच परिचय दिसतो: संस्थेची स्थापना, इमारतीचे छायाचित्र, प्राचार्यांचे मनोगत. अर्जाची शेवटची तारीख पाचव्या टॅबखाली आहे. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगा हे पान उघडतो, दुकानदाराला छापून मागतो आणि कागद घेऊन घरी जातो. त्या कागदावर प्राचार्यांचे मनोगत असते. तारीख नसते.

डायरीचे पान बोटाखाली जाणवते. पाहिले नाही तरी ते तेथे आहे हे ठाऊक असते. वेबपानावरचा झाकलेला भाग मात्र टिचकी न मारणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. टॅब बांधणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवूनच कामाला बसावे.

<b>डॉलरच्या चिन्हामागे</b>

जेक्वेरी हे जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेले एक वाचनालय आहे असे म्हटले तर शब्दशः भाषांतर होईल, अर्थ कळणार नाही. ती तयार अवजारांची पेटी आहे. जॉन रेसिग या अमेरिकी प्रोग्रामरने ती जानेवारी २००६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका मेळाव्यात सादर केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. तो काळ इंटरनेट एक्सप्लोरर ६ चा होता. टिचकीची वर्दी मिळवायची तर त्या ब्राऊझरला एक आज्ञा द्यावी लागे आणि फायरफॉक्सला वेगळी. एका विशिष्ट वर्गनावाचे, म्हणजे ‘क्लास’चे, सगळे भाग शोधून द्यायला सांगावे तर एक्सप्लोररला ते येतच नसे. जेक्वेरीने हा सगळा बेबनाव आपल्या पोटात घेतला. डॉलरचे चिन्ह लिहायचे, कंसात काय शोधायचे ते सांगायचे आणि पुढे टिंब देऊन काय करायचे ते सांगायचे. लपव, दाखव, वर्ग लाव, वर्ग काढ. ब्राऊझर कोणता हे विचारण्याची गरज नाही.

टॅबची रचना या पेटीतल्या अगदी प्राथमिक अवजारांनी होते. पानाच्या मूळ एचटीएमएलमध्ये आधी एक यादी लिहायची. यादीतील प्रत्येक नोंद म्हणजे एक दुवा आणि दुव्याचा पत्ता त्याच पानावरच्या एका भागाचा: हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे त्या भागाचा आयडी. यादीखाली ते पाच भाग एकाखाली एक, प्रत्येकाला आपापला आयडी. इथवर जावास्क्रिप्टचा संबंधही आलेला नाही आणि तरीही पान वापरण्याजोगे आहे. ‘मुदत’ या दुव्यावर टिचकी मारली की ब्राऊझर आपणहून खाली सरकून मुदतीच्या भागाशी जातो. वेब जन्मले तेव्हापासून अशी अनुक्रमणिका चालत आली आहे.

आता जेक्वेरीचे काम. पान तयार झाले की पहिला भाग सोडून बाकीचे झाकायचे. यादीतल्या दुव्यांवर टिचकीसाठी कान लावून बसायचे. टिचकी आली की ब्राऊझरची मूळ सवय, म्हणजे खाली उडी मारणे, थोपवायची. आधीच्या टॅबचा ‘सक्रिय’ वर्ग काढून नव्याला लावायचा. उघडा भाग झाकायचा. दुव्याचा पत्ता वाचून त्या आयडीचा भाग उघडायचा. शिकाऊ माणूसही अर्ध्या तासात हे करू शकतो, आणि म्हणूनच २००७ ते २०१२ या काळात क्वचितच एखादे संकेतस्थळ टॅबवाचून राहिले असेल.

या क्रमातले मर्म मात्र अनेकांच्या नजरेतून निसटते. भाग झाकण्याचे काम कोणी करायचे? पुष्कळ जण ते शैलीपत्रकावर, म्हणजे सीएसएसवर सोपवतात: चार भाग मुळातच झाकलेले ठेवायचे आणि उघडण्यापुरती जेक्वेरी बोलवायची. दिसायला फरक काहीच नाही. पण जेक्वेरीची फाइल पोहोचलीच नाही तर? मोबाइलची रेंज मधेच गेली, दुसऱ्या सर्व्हरवरून येणारी ती फाइल एखाद्या कार्यालयाच्या जाळ्यात अडवली गेली, किंवा त्याच पानावरच्या दुसऱ्या कोणा स्क्रिप्टमधील चुकीने सगळाच गाडा थांबला, तर चार भाग कायमचे कुलूपबंद होतात आणि किल्ली वाटेतच राहते. ज्याने झाकायचे त्यानेच उघडायचे, असा नेम ठेवला की हा धोका टळतो. स्क्रिप्ट आली तर टॅब दिसतील, नाही आली तर लांबलचक पण संपूर्ण पान. स्टीव्ह चॅम्पियन आणि निक फिंक यांनी २००३ मध्ये या विचाराला ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ असे नाव दिले. आधी सगळ्यांना पोटभर जेवण, मग ज्याच्या ताटात जागा असेल त्याला पक्वान्न, इतकाच त्याचा अर्थ.

यावर एक रास्त तक्रार होते. पान उघडताना पाचही भाग क्षणभर दिसतात आणि मग एकदम नाहीसे होतात. डोळ्यांना ते खटकते. त्यावर तोड आहे. पानाच्या अगदी शिरोभागात एक ओळीची स्क्रिप्ट ठेवून मूळ घटकाला ‘जावास्क्रिप्ट चालू आहे’ असे सांगणारा वर्ग लावायचा आणि झाकण्याचा नियम त्या वर्गाच्या आधीन ठेवायचा. चमकणे थांबते. जावास्क्रिप्ट बंद असेल तर तो वर्गही लागत नाही आणि मजकूर उघडाच राहतो. वर्ग लागला पण पुढची फाइल आली नाही, ही फट मात्र उरते; ती बुजवायची तर काही सेकंदांत टॅब उभे न राहिल्यास तो वर्ग काढून टाकण्याची व्यवस्था करावी लागते.

<b>घर फिरले की वासे</b>

एका पानावर टॅबचा एकच संच असतो तोवर सारे सुरळीत चालते. दुसरा संच आला की बेजबाबदार आज्ञांचे पितळ उघडे पडते. ‘या वर्गाचे सगळे भाग झाक’ असे सांगितले की जेक्वेरी प्रामाणिकपणे सगळे झाकते, शेजारच्या संचातलेही. टिचकी मारली तेथून वर चढत जाऊन आपल्या संचाची चौकट गाठायची आणि फक्त तिच्या आतच शोध घ्यायचा, ही शिस्त सुरुवातीपासून हवी.

भाग हळूच उमटावा म्हणून घातलेली हालचालही अशीच गोत्यात आणते. जेक्वेरी हालचालींची रांग लावते. अधीर वाचकाने पाच टॅबवर भराभर टिचक्या मारल्या की पाच हालचाली रांगेत उभ्या राहतात आणि त्याचा हात थांबल्यावरही पडदा कितीतरी वेळ लुकलुकत बसतो. नवी हालचाल सुरू करण्यापूर्वी रांग रिकामी करण्याची आज्ञा जेक्वेरीत आहे. त्याहून बरा उपाय म्हणजे हालचालच नको. प्रवेशाची तारीख शोधणाऱ्याला ती हळुवारपणे उमललेली नको असते.

झाकलेल्या भागातील नकाशा ही आणखी एक नेहमीची डोकेदुखी. पूर्ण झाकलेल्या भागाला रुंदी नसते. त्यामुळे नकाशा किंवा आलेख स्वतःला शून्य मापाचा समजतो आणि टॅब उघडल्यावर राखाडी चौकोन किंवा कोपऱ्यातला तुकडा दाखवतो. भाग उघडल्यानंतर त्याला पुन्हा माप घ्यायला सांगावे लागते, किंवा तो भाग उघडेपर्यंत नकाशा तयारच करायचा नाही.

मराठी संकेतस्थळांपुढे याखेरीज दोन खास अडचणी उभ्या राहतात. पहिली दिसण्याची. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या टॅबच्या पट्टीत ‘शैक्षणिक अर्हता’ लिहिले की मात्रेचे आणि रफाराचे टोक वरून कापले जाते, ‘शुल्क’मधला उकार खालून. पट्टीची उंची ठरावीक न ठेवता मजकुराबरोबर वाढू दिली आणि ओळीला मोकळी जागा दिली की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. आयडी देवनागरीत देता येतो आणि ब्राऊझरला तो चालतोही. पण पत्त्याच्या पट्टीतून हॅशपुढचा मजकूर वाचू गेले की तो टक्केवारीच्या चिन्हांत रूपांतरित होऊन हाती येतो. ‘मुदत’ या चार चिन्हांच्या शब्दाची तेथे ३६ अक्षरे होतात. आयडी ‘मुदत’ आणि पत्त्यातून आलेली ती लांबण. तुलना जुळत नाही आणि टॅब उघडत नाही. वाचलेला मजकूर आधी उलगडून घ्यावा किंवा आयडी साध्या रोमन अक्षरांत ठेवावेत. दुसरा मार्ग कमी अभिमानाचा असला तरी कमी कटकटीचा आहे.

पत्त्यातून टॅब ओळखण्याची एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. कारण दुवे पाठवले जातात. शिक्षक विद्यार्थ्यांच्या गटावर ‘मुदतीचा टॅब पाहा’ म्हणून दुवा टाकतात, आणि उघडल्यावर पुन्हा प्राचार्यांचे मनोगत दिसते. टॅब बदलला की पत्त्यातली शेपटी बदलायला हवी आणि पान उघडताना ती शेपटी वाचून योग्य टॅब उघडायला हवा. मागे जाण्याच्या बटणाने प्रत्येक टॅब उलट क्रमाने उघडावा की एकदम आधीच्या पानावर जावे, याबद्दल दुमत आहे. तुलना करण्यासाठी जो वाचक पुनःपुन्हा टॅब बदलतो त्याला दहा वेळा ‘मागे’ दाबायला लावणे हा छळच. तेव्हा बहुतेक ठिकाणी पत्ता बदलावा पण इतिहासात नवी नोंद करू नये, हे बरे.

मात्र ती शेपटी थेट डॉलरच्या कंसात टाकणे हा एके काळी मोठाच धोका होता. डॉलर दोन कामे करतो: सांगितलेला भाग शोधतो आणि एचटीएमएलचा तुकडा दिला तर त्याचा नवा भाग घडवतो. १.६.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत हॅशने सुरू होणाऱ्या मजकुरात एचटीएमएल दडवले असेल तर जेक्वेरी ते शोधण्याऐवजी घडवू लागे. म्हणजे कोणीही खोडसाळ दुवा तयार करून वाचकाच्या ब्राऊझरमध्ये आपली स्क्रिप्ट चालवू शके. २०११ मध्ये ही फट बुजवण्यात आली आणि २०१३ च्या १.९ आवृत्तीने नियम आणखी कडक केले. पण जुनी फाइल घेऊन चाललेली संकेतस्थळे एकदा बांधली की वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही.

<b>न पाहता वाचणारे</b>

टॅबचा सर्वांत मोठा अन्याय ज्यांच्यावर होतो ते वाचक पडद्याकडे पाहतच नाहीत. अंध वाचक एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरकडून पान वाचून घेतात आणि कीबोर्डने फिरतात. त्यांना ‘परिचय, दुवा, पात्रता, दुवा’ असे ऐकू येते. दुवा दाबला तर पान हलत नाही, आवाज होत नाही, काही घडले हेही कळत नाही. रंग बदलून दाखवलेला सक्रिय टॅब त्यांच्यासाठी नसल्यातच जमा.

यासाठी ‘एरिया’ नावाचे निकष डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेने २०१४ मध्ये शिफारस म्हणून जाहीर केले. त्यांनुसार यादीला टॅबच्या रांगेची, दुव्यांना टॅबची आणि भागांना पॅनेलची भूमिका द्यायची. कोणता टॅब निवडलेला आहे आणि त्याच्या ताब्यात कोणता भाग आहे ते नोंदवायचे. मग स्क्रीन रीडर ‘टॅब, पाचपैकी दुसरा, निवडलेला’ अशा अर्थाचे सांगू शकतो. कीबोर्डची रीतही ठरलेली आहे: टॅब कळ दाबली की रांगेत प्रवेश, डाव्या-उजव्या बाणांनी एका टॅबवरून दुसऱ्यावर, पुन्हा टॅब कळ दाबली की थेट उघड्या भागात. या भूमिका देऊन बाणांची सोय न करणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. दारावर ‘ढकला’ लिहायचे आणि दार ओढून उघडणारे बसवायचे, तसला तो प्रकार. हे सगळे हाताने लिहायचे नसेल तर जेक्वेरी यूआय या जोडपेटीतील तयार टॅब बाण आणि भूमिका दोन्ही सांभाळतात. तिच्या २०१२ च्या १.९ आवृत्तीत पर्यायांची नावे बदलली. त्यामुळे जुने नमुने उतरवून घेणाऱ्यांचे टॅब नव्या फाइलवर अडखळतात, इतके ध्यानात ठेवावे.

जेक्वेरीची गरज आता उरली आहे का, हाही प्रश्न रास्त आहे. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. ज्या बेबनावासाठी ही पेटी जन्मली तो बव्हंशी मिटला आणि शोधणे, वर्ग लावणे, टिचकी ऐकणे ही कामे सगळे ब्राऊझर एकाच भाषेत करतात. गिटहबने २०१८ मध्ये जेक्वेरी काढली, बूटस्ट्रॅपने २०२१ मध्ये. नवे पान केवळ टॅबसाठी जेक्वेरीवर बांधण्यात अर्थ नाही. पण वर्डप्रेसबरोबर ती आजही येते आणि असंख्य चालू संकेतस्थळांचे टॅब तिच्यावरच उभे आहेत. ते दुरुस्त करणाऱ्याला ती यावीच लागते.

त्याहून अवघड प्रश्न असा की टॅब हवेतच का. एकमेकांना पर्याय असलेल्या गोष्टी, जसे कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे शुल्क, टॅबमध्ये शोभतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाणिज्याचे शुल्क न दिसल्याने काही बिघडत नाही. पात्रता, कागदपत्रे आणि मुदत मात्र प्रत्येकालाच वाचायची आहेत. ती पाच कप्प्यांत कोंबण्यात पानाची उंची वाचते, वाचकाचे श्रम वाढतात. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची मार्गदर्शिका हाच सल्ला देते: क्रमाने किंवा संपूर्ण वाचायचा मजकूर टॅबमध्ये घालू नये. तिचे स्वतःचे टॅब लहान पडद्यावर साध्या अनुक्रमणिकेत बदलतात आणि सगळे भाग उघडे राहतात. मोबाइलवर पाच मराठी शब्द एका ओळीत मावत नाहीत, आणि आडवी सरकणारी रांग केली तर ‘मुदत’ नेमकी पडद्याबाहेर जाते.

झाकलेला मजकूर पानातल्या शोधालाही सापडत नाही. कंट्रोल आणि एफ दाबून ‘शेवटची तारीख’ शोधणाऱ्याला ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरे असते. क्रोमने २०२२ मध्ये झाकण्याचा असा प्रकार आणला की ब्राऊझरचा शोध त्यात शिरतो आणि जुळणारा भाग आपोआप उघडतो. तो वापरायचा तर जेक्वेरीची ‘लपव’ ही आज्ञा सोडावी लागते, कारण ती भाग पूर्णपणे नाहीसा करते.

छपाईच्या वेळीही हीच आज्ञा आडवी येते. शैलीपत्रकात कागदासाठी वेगळे नियम लिहिता येतात: छापताना टॅबची रांग काढून टाका, सगळे भाग उघडा, प्रत्येक भागावर त्याचे शीर्षक येऊ द्या. पण जेक्वेरी ‘लपव’ म्हणते तेव्हा ती थेट त्या घटकाच्या अंगावरच झाकण्याची शैली लिहिते आणि अंगावरची शैली पत्रकातल्या नियमाला जुमानत नाही. पत्रकात ‘महत्त्वाचे’ असा शेरा मारून तिच्यावर मात करता येते. लपवण्या-दाखवण्याऐवजी वर्ग लावण्या-काढण्याची पद्धत सुरुवातीपासून ठेवली आणि झाकण्याचा नियम पडद्यापुरता मर्यादित केला, तर त्या शेऱ्याचीही गरज पडत नाही. तीन-चार ओळींचे काम आहे. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या छपाईयंत्रातून एकाऐवजी तीन कागद बाहेर येतात, आणि तिसऱ्यावर तारीख असते.